बाबांकडे मृत्युपत्राचा विषय कसा काढायचा? आणि नॉमिनी लावला की काम झालं का?

केतकीचं_बन

काका जाऊन दोन महिने होत आले. काकूचं फॅमिली पेन्शन सुरू झालं, बाकी सगळं अडकून पडलंय. लॉकर काकांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही. ठेवींच्या पावत्या तीन वेगवेगळ्या पिशव्यांत सापडल्या. मोबाइलचा पिन कोणालाच माहीत नव्हता. चाळीस वर्षं घर चालवलेली बाई आता प्रत्येक काउंटरवर जाऊन 'मी त्यांची बायको' हे सिद्ध करत फिरतेय.

हे पाहून आल्यापासून मला झोप नाही. माझे बाबा ७८ वर्षांचे, आई ७३. फ्लॅट बाबांच्या नावावर, गावाकडे थोडी शेती आहे ती आजोबांकडून आलेली, शिवाय चार बँकांत ठेवी. आम्ही दोघं भावंडं. धाकटा भाऊ आणि वहिनी आईबाबांजवळ राहतात, मी दुसऱ्या शहरात असते. परवा फोनवर बाबांना विचारलं, मृत्युपत्र केलंय का? ते म्हणाले, 'सगळीकडे नॉमिनी लावलाय, तू काळजी करू नकोस,' आणि विषय मॅचवर नेला. मागून आईचा आवाज आला, 'दिवेलागणीला कसले विषय काढतेस गं!'

दोन प्रश्न आहेत. नॉमिनी असला की खरंच पुरतं का? आणि दुसरा जास्त अवघड. हा विषय लेकीने काढला की 'हिचा डोळा घरावर आहे' असा अर्थ निघतो. मग काढायचा कसा?

पायवाट

दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, तो मी भोगलाय. बाबांना सल्ला देण्याच्या फंदात मी पडलेच नाही. आधी माझं स्वतःचं मृत्युपत्र केलं, वय ४४. कच्चा मसुदा त्यांच्या हातात देऊन म्हटलं, 'बाबा, तुम्ही आयुष्यभर सरकारी कागद लिहिलेत, हे जरा तपासून द्या.' लाल पेन घेऊन बसले. तीन चुका काढल्या. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, आता माझंही लिहून टाकू.

काळा_कोट

दिवाणी कामं करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं लिहितो.

नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. तो मालक होतोच असं नाही. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण पुढे खऱ्या वारसांना त्यांचा वाटा देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. १९८४ साली सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विम्याबद्दल हेच म्हटलं. शेअर्सबद्दल मधल्या काळात गोंधळ झाला होता, तो डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यातल्या निकालाने मिटला. तिथेही नॉमिनी मालक नाही, वारसाहक्काचा कायदाच वरचढ.

बाबा हिंदू असतील आणि मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर त्यांची आई, या सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणजे तुमच्याकडे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचा एकेक तृतीयांश. ठेवीवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी हे बदलत नाही.

तरीही नॉमिनी लावाच. काकूंच्या लॉकरचं पाहिलंत ना. नॉमिनीमुळे पैसे लवकर हातात येतात, मृत्युपत्रामुळे ते कोणाचे हे ठरतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

घोटभर_चहा

काळा_कोट, विम्याबद्दल मला वेगळं सांगितलं होतं. आमच्या ह्यांच्या पॉलिसीचे पैसे मला मिळाले, तेव्हा सासरच्यांनी हिस्सा मागितला. वकिलीणबाई म्हणाल्या, द्यायची गरज नाही.

काळा_कोट

बरोबर सांगितलं त्यांनी. मी १९८४ वर थांबलो ही माझी चूक. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली. आता आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर पॉलिसीचे पैसे त्याच्या हक्काचे धरले जातात. भाऊ, पुतण्या, मित्र नॉमिनी असेल तर मात्र जुनाच नियम.

जिना_चढउतार

मी अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. 'नॉमिनी माझी बायको, फ्लॅट तिचा झाला' असं समजून गेलेली माणसं आणि नंतर कमिटीच्या टेबलावर भांडणारी त्यांची मुलं, दोन्ही पाहिली आहेत. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली १५४ब-१३ हे कलम आलं. सभासद गेला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. मृत्युपत्र, वारसदाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक करार यावरून खरा हक्कदार ठरला की मग त्याच्या नावावर. बाबांचा नॉमिनेशन फॉर्म सोसायटीत आहे का आणि कमिटीने त्याची नोंद केली आहे का, हे आधी बघा. आमच्याकडे निम्मे फॉर्म कपाटाच्या तळाशी सापडले होते, नोंद एकाचीही नव्हती.

रोखठोक

एवढी भानगड कशाला? जिवंतपणीच मुलांच्या नावावर करून टाकायचं. महाराष्ट्रात नवराबायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च काय तो वर. माझ्या वडिलांनी तेच केलं. ते गेल्यावर मला एका टेबलावर जावं लागलं नाही. मृत्युपत्राला कोर्टात आव्हान देता येतं, बक्षीसपत्र झालं की झालं.

सांजवात

रोखठोक, 'झालं की झालं' हेच माझ्या मावशीचं झालं. आमच्या घरचं हे बोलणं बाहेर कधी केलं नव्हतं, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मावशी ७१ वर्षांची होती. काका गेल्यावर मुलगा म्हणाला, नंतर कागदपत्रांचा त्रास नको, आत्ताच करून टाकू. तिने सही केली. पहिलं वर्ष ठीक गेलं. मग तिची खोली नातवाच्या अभ्यासासाठी गेली आणि ती हॉलमध्ये आली. मग तिच्या औषधांचा हिशेब विचारला जाऊ लागला. एके दिवशी तिने मला फोन करून विचारलं, 'तुझ्याकडे थोडे दिवस येऊ का?' ज्या घराचे हप्ते तिने शिवणकाम करून भरले होते, तिथून ती दोन पिशव्या घेऊन निघाली.

२००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्याखाली प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणात आम्ही अर्ज केला. निर्वाहाची रक्कम ठरली, दरमहा १०,००० च्या आतली. घर मात्र परत मिळालं नाही, कारण बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असा एक शब्दही नव्हता. लिहिणाऱ्याने छापील मसुदा काढला होता, तिने न वाचता सही केली होती.

काळा_कोट

सांजवात, वाईट वाटलं. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

त्या कायद्याचं कलम २३ असं आहे की ज्येष्ठाने सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणारा सांभाळत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. ती अट दिसली पाहिजे, असं २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित खटल्यात न्यायालयाने सांगितलं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ तसाच उदारपणे लावा. तिथे मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. आईचं बक्षीसपत्र रद्द झालं आणि ताबाही तिला परत द्यायला सांगितला. तेव्हा मावशींचं प्रकरण एखाद्या चांगल्या वकिलाला पुन्हा दाखवा. त्या काळातली पत्रं, मेसेज, साक्षीदार असतील तर तेही घेऊन जा.

एरवी माझं मत ठाम आहे. राहतं घर हयातीत लिहून देऊ नका. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. काही कारणाने द्यावंच लागलं, तर सांभाळाची अट आणि आईवडील दोघांनाही मरेपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी त्याच दस्तात लिहून घ्या.

रोखठोक

सांजवात, तुमचं वाचून गप्प झालो. माझे वडील शेवटपर्यंत माझ्याजवळच होते, त्यामुळे ही बाजू कधी डोक्यातच आली नाही. माझ्या बक्षीसपत्रातही अट नव्हती. त्यांनी नुसत्या विश्वासावर सही केली, हे आज कळतंय. माझा सल्ला मागे घेतो.

सांजवात

मागे घेतलात हे बरं वाटलं. कोणा ज्येष्ठाला तातडीने मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. आम्हाला तिचा पत्ता उशिरा लागला.

निवृत्त_मास्तर

वय ७९. माझ्या वयाची मंडळी इथे कमी दिसतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

केतकीताई, बाबा मॅचकडे का वळले ते मला कळतं. 'मृत्युपत्र केलंय का' हा प्रश्न आम्हाला 'तुम्ही कधी जाणार' असा ऐकू येतो. माझ्या थोरल्यानेही असंच विचारलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. धाकटीने निराळं विचारलं. म्हणाली, 'बाबा, तुम्ही आधी गेलात तर आईने कुठे राहावं असं तुम्हाला वाटतं?' मी उत्तर द्यायला लागलो आणि थांबलोच नाही. मला वाटत होतं की ती याच घरात राहावी, मुलांच्या घरी तिची फिरवाफिरवी होऊ नये. हे मी कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मग लिहिलं. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत. स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली. घर बायकोला तिच्या हयातीपर्यंत, तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखं. माझी पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला. नोंदणी सक्तीची नाही, पण मी दुय्यम निबंधकाकडे जाऊन केली. आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशीच्या तारखेचा दाखला दिला की मी शुद्धीवर आहे आणि मला सगळं समजतंय. घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. ती रडली आणि मग म्हणाली, पुस्तकांतली स्वयंपाकाची दोन मात्र माझ्याकडे राहू देत.

पायवाट

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

गुंता

मास्तरांच्या पुस्तकांवरून आठवलं. आमच्या आजोबांनी मृत्युपत्रात एक ओळ लिहिली होती, 'माझा रेडिओ ज्याला तो दुरुस्त करता येईल त्याला द्यावा.' घरावरून कोणी भांडलं नाही, रेडिओवरून तीन नातू दोन वर्षं भांडत होते. शेवटी तो नातसुनेने दुरुस्त केला आणि आता तिच्याकडे आहे.

रानजाई

गावाकडच्या शेतीबद्दल कोणी बोललं नाही. केतकी, तू मुलगी आहेस म्हणून लिहिते. वडील गेल्यावर बाराव्याच्या दिवशी चुलत्यांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. 'बहिणीने भावाला सोडायचं असतं' असं म्हणाले. मी सही केली, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. पुढे कळलं की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळालाय. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर हेही सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आपल्या महाराष्ट्रात १९९४ पासूनच हा हक्क होता, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता.

हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, माझं भावाशी आजही चांगलं आहे. पण दुःखाच्या आठवड्यात, न वाचता सोडू नये.

काळा_कोट

रानजाईंना पूर्ण दुजोरा. फक्त एक भर. शेती आजोबांकडून आली एवढ्यावरून ती एकत्र कुटुंबाची ठरत नाही. आजोबांनी ती स्वतः घेतली असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलाला मिळालेला वाटा त्याचा स्वतःचा मानतात. चंदर सेन खटला, १९८६. त्यामुळे आधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढा. आजोबांच्या नावावर ती कशी आली तिथून सुरुवात होते. आणि बाबांचं मृत्युपत्र त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं, भावाबहिणीच्या हिश्श्यावर नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी मिळाली हाही समज खोटा. तो महसुलाच्या नोंदीचा कागद आहे.

मोरपीस

सगळे बाबांच्याच मृत्युपत्राबद्दल बोलताय. आईचं काय?

माझी आत्या शिक्षिका. मूलबाळ नव्हतं, लग्नानंतर सात वर्षांत यजमान गेले. पुढची तीस वर्षं स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, माझ्या बाबांना आधार दिला, आजीचं शेवटपर्यंत केलं. मृत्युपत्र केलं नाही. 'मला कोण आहे, तुम्हीच तर आहात' असं म्हणायची. ती गेल्यावर कळलं की हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मुलं नाहीत, नवराही नाही, तर तिच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क असतो. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. तीस वर्षांत तिला एकदाही न भेटलेल्या दिराच्या मुलांना फ्लॅट गेला. आम्हाला फ्लॅट नको होता. तिच्या हातचं भरतकामाचं कापड तरी मागायचं होतं, तोवर त्यांनी घर रिकामं केलं होतं.

काळा_कोट

हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात, सासरच्यांनी हाकलून दिलेल्या विधवेच्या स्वकमाईबाबतही हेच धरलं. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. मी प्रत्येक अशिलाला सांगतो, घरातल्या पुरुषाआधी बाईचं मृत्युपत्र करा. एकटी, मूल नसलेली असेल तर आजच करा.

नर्गिसची_फुलं

आमच्यात नियम निराळे आहेत. कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. सुन्नींमध्ये एखाद्या वारसालाच मृत्युपत्राने जास्त द्यायचं असेल तरी बाकीच्यांची संमती हवी. अब्बांनी शेजारच्या काकांचा मसुदा जसाच्या तसा उतरवला होता, त्यातलं बरंचसं निरुपयोगी ठरलं. माझी ख्रिस्ती मैत्रीण सांगत होती की त्यांच्यात लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. दुसऱ्याचा मसुदा उतरवायच्या आधी आपल्याला कुठला कायदा लागू आहे ते विचारा, एवढंच.

दुसरी_पाळी

मला मृत्यूच्या आधीचं लिहायचंय. त्याचं कोणी सांगत नाही.

आईला ७६ व्या वर्षी पक्षाघात झाला. ती हयात होती, पण बोलता येत नव्हतं, समजही जवळजवळ गेली होती. मी निश्चिंत होतो, कारण तिने दोन वर्षांपूर्वी मला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, दिलं होतं. एका बँकेतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं होतं त्याच दिवशी ते कागद उरलं. आपल्या कायद्यात ते तसंच आहे. दवाखान्याचं बिल वाढत होतं, आईचे पैसे आईच्याच खात्यात, आणि मी मित्रांकडून उसने घेत होतो. शेवटी पालक म्हणून नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागला.

आजारी असूनही ज्यांना समजतंय पण सही जमत नाही, त्यांच्यासाठी मात्र सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हाताचा अंगठा, तो शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे मला नंतर कळलं. केतकी, आईबाबांची खाती आधी जोडखाती करून घे, 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' या पद्धतीने. निदान रोजचं तरी अडत नाही.

सांजवात

दुसरी_पाळी, आई आता कशा आहेत?

दुसरी_पाळी

मागच्या वर्षी गेली. शेवटचे पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. तिला ते नको होतं हे मला माहीत होतं, पण लेखी काहीच नव्हतं आणि माझी बहीण तयार नव्हती. बहिणीला दोष देत नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

निवृत्त_मास्तर

बाळा, असं होऊ नये म्हणूनच लिव्हिंग विल असतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. बरं व्हायची आशा उरली नाही तर काय करायचं, काय नाही, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यात लिहायचं. उपचार थांबवायच्या आधी डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, त्यामुळे घाईने काही होत नाही. मी केलंय. मुलांवर तो निर्णय टाकायचा नव्हता.

जिना_चढउतार

प्रोबेटचं कोणी तरी लिहा, मुंबईकर नेहमी विचारतात.

काळा_कोट

थोडक्यात. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं शिक्कामोर्तब. मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या हद्दीतल्या मिळकतींसाठी हिंदू, जैन, बौद्ध, शीख आणि पारशी मृत्युपत्रांना ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम २१३ काढून टाकलं. वाद असेल तर आजही प्रोबेट घेतलेलं बरं. मृत्युपत्र नसेल तर ठेवी आणि शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, आणि आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा वारसदाखला. हो, १८२७ चाच, अजून चालतो.

घोटभर_चहा

केतकी, काकूंना सांग की काकांच्या नावाच्या जुन्या विसरलेल्या ठेवी असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी तिथे दिसतात. आणि आता बँकेत एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. वाटे किती टक्के तेही लिहिता येतं. लॉकरला मात्र एकामागून एक असेच.

केतकीचं_बन

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा.

मागच्या शनिवारी घरी गेले होते. मास्तरांचा प्रश्न विचारला, आईसमोर आणि भाऊ वहिनीसमोरही, म्हणजे गुपचूप काही नाही. 'बाबा, तुमच्यानंतर आईने कुठे राहावं असं वाटतं?' बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'इथेच. खिडकीतल्या झाडांना तिच्याशिवाय कोण पाणी घालणार?' भाऊ म्हणाला, 'बाबा, हे लिहा ना. उद्या मी किंवा ताई बदललो तर?' मला वाटत होतं की तो दुखावेल. त्यालाच जास्त काळजी होती. जवळ राहतो म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये, हे त्याच्या मनात वर्षभर होतं म्हणे.

आता घर आईला हयातीपर्यंत, मग आम्हा दोघांना. शेतीचे जुने फेरफार भाऊ काढतोय. सोसायटीत गेलो तर नॉमिनेशनची नोंद नव्हतीच, जिना_चढउतार!

आणि मोरपीस, तुमच्या आत्याचं मी आईला सांगितलं. ती उठून कपाटाकडे गेली. तिच्या आईने दिलेल्या पाटल्या आणि तिची स्वतःची पोस्टातली बचत, कोणाला काय, हे तिने एका जुन्या डायरीत आधीच लिहून ठेवलं होतं. १९९८ पासून. सही मात्र नव्हती.

दोन शंका उरल्यात. साक्षीदार म्हणून बाबांना त्यांचे मित्र हवेत, दोघंही ऐंशीच्या घरात. चालेल? आणि दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करावं का?

काळा_कोट

कायद्याने चालेल, पण मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ आली तर दोघांपैकी एक तरी साक्षीदार न्यायालयात उभा राहावा लागतो. म्हणून निदान एक तरी तरुण घ्या, चाळिशीतला, ज्याला त्यातून काही मिळणार नाही असा. शेजारी किंवा फॅमिली डॉक्टर उत्तम. बाबांचे एक मित्र ठेवा, बाबांचं मनही राहील. आणि मृत्युपत्रं दोन करा, वेगवेगळी. एकत्र केलं की एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येईल का, यावरूनच वाद होतो. आईंच्या डायरीतलं नव्या कागदावर त्यांच्याच अक्षरात उतरवून घ्या.

केतकीचं_बन

समोरच्या डॉक्टरबाई तयार आहेत. येत्या गुरुवारी दोघांच्याही सह्या. आईने पाटल्यांपुढे माझं नाव खोडून वहिनीचं लिहिलंय. म्हणाली, 'तुझ्या लग्नात तुला दिलं होतं, हिला द्यायचं राहिलंय.'

निवृत्त_मास्तर

गुरुवारी जाताना दोघांचं आधार आणि डॉक्टरांचा दाखला न्यायला विसरू नका. आणि मूळ प्रत कुठे ठेवली ते दोन्ही मुलांना सांगा. कुलपाच्या कपाटात ठेवणार असाल तर किल्ली कुठे आहे तेही.